गुप्ते सरांच्या वतीने

“काकू, सरांची व्याख्यानं आता जगभर जाणार. फक्त तुमची एक सही हवी,” असं अस्मिता फोनवर म्हणाली तेव्हा चारुलताबाई गच्चीत कोकमाची सालं वाळत घालत होत्या. आपल्या घरातून जगभर जाण्यासारखं काही निघेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. जायची ती आमसुलं, आणि तीही फार तर मुंबईपर्यंत.

अस्मिता विद्यापीठात होती. रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांचे हक्क कुणाचे आणि परवानग्या कुणाच्या घ्यायच्या, हे बघणं तिचं काम. गुप्ते सरांनी महाडच्या कॉलेजात जन्मभर अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर करोनात पोलादपूरकडची मुलं डोंगरातल्या वाड्यांवर अडकून पडली, तेव्हा बाहेरच्या खोलीत बसून, कुणी न सांगता, त्यांनी सबंध विषय मोबाइलवर शिकवून विद्यापीठाकडे पाठवला. पुढच्या वर्षी पूर आला. सावित्री नदीने फोटोंचे अल्बम नेले, कॅसेटी नेल्या, सरांचा कंप्यूटर नेला. मग सरही गेले. त्यांचा आवाज आता उरला होता तो तेवढ्या व्याख्यानांत.

“नोकरीत असताना केलेली नाहीत, म्हणून हक्क वारसाचा. म्हणजे तुमचा,” अस्मिता समजावत होती. “आपण मुक्त परवाना देणार. कुणीही बघावं, उतरवून घ्यावं, भाषांतर करावं, भर घालावी. पैसे नाहीत. फक्त मूळ नाव सरांचं द्यायचं.”

“भर घालावी? सरांच्या बोलण्यात?”

“हो, काकू.”

“बरं,” चारुलताबाई म्हणाल्या. संसारात त्यांना हे कधी जमलं नव्हतं.

“एका ठिकाणी सर गाणं म्हणतात. त्याचे हक्क एका कंपनीकडे आहेत, ते कापावं लागेल.”

“कापा, कापा. त्यांचं गाणं आम्हीसुद्धा ऐकून घेत नव्हतो.”

“आणि शेवटचं. सर उदाहरणं देतात ती खऱ्या माणसांची, नावं घेऊन. आमच्या नियमाप्रमाणे त्यांची लेखी संमती लागते. महिन्याअखेर नाही आली, तर व्याख्यानं यादीतून निघतील. माणसं तीनच आहेत. महिपतशेठ नावाचे कुणी दुकानदार, रंगूबाई, आणि…”

“आणि?”

“सर त्यांना ‘आमच्या सौ.’ म्हणतात.”

रेकॉर्डिंग चालू असताना चारुलताबाईंना स्वयंपाकघरात दार लावून बसावं लागे. मिक्सर बंद, फोडणी बंद. पलीकडे काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. आता अस्मिताने पाठवलेली व्याख्यानं त्यांनी डोळ्यांना चष्मा लावून ऐकली, आणि आपण दाराआड बसून काय काय झालो होतो ते त्यांना कळलं. घटती उपयोगिता म्हणजे सौ.ची पुरणपोळी: पहिली अमृत, दुसरी बरी, तिसरी पोटात मावत नाही आणि चौथी सौ.च्या धाकाने. साठेबाजी म्हणजे सौ.ची लोणच्याची फळी. हे त्यांनी पोटात घातलं. खरं तेच होतं.

पण बुडीत खर्चाच्या धड्याला त्या ताडकन उठून उभ्या राहिल्या.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात महाडात तंबूतला सिनेमा आला होता. सिनेमा रद्दी, रीळ सारखं तुटतंय, पायाखाली ढेकळं. सर मोबाइलसमोर सांगत होते, “मी म्हटलं, उठू या. गेलेला पैसा गेला, आता वेळ तरी वाचवू. पण आमच्या सौ. ऐकतील तर ना! म्हणाल्या, तिकीट काढलंय, पडदा पडेपर्यंत बसायचं!” आणि सर हसू लागले. रुमालाने डोळे पुसत, ठसका लागेस्तोवर हसले. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. सर दाराकडे बोट दाखवून म्हणाले, “बघा! ऐकतायत त्या,” आणि पुन्हा हसत सुटले.

“खोटं!” चारुलताबाई रिकाम्या खोलीत ओरडल्या.

उठल्या होत्या त्या. पदर धरून खाली बसवलं होतं सरांनी. “तिकीट काढलंय, चारू,” हे शब्द सरांचे. यावरून दोघांचं आयुष्यभर वाजलं होतं. मुंजीत, बारशात, पाहुण्यांच्या पंगतीत सर ही गोष्ट उलटी करून सांगत आणि चारुलताबाई वाढता वाढता थांबून सुलटी करायला जात. पण बुडालेल्या तिकिटासाठी अर्थशास्त्राचा प्राध्यापक रडला, यावर विश्वास कोण ठेवणार? आणि आता हे जगभर जाणार होतं. त्यांच्याच सहीने.

“काकू, तेवढा भाग कापू का?” त्यांनी फोन केला तेव्हा अस्मिताने विचारलं.

सगळ्या व्याख्यानांत सर असे हसले होते ते तेवढ्या एका जागी.

“हसणं ठेवून गोष्ट कापता येईल?”

“मग सर कशाला हसतायत ते कुणाला कळणार नाही.”

“तेही खरंच,” त्या म्हणाल्या. “माझं राहू दे. आधी बाकीच्यांचं बघते.”

इथवर सगळं ठीक होतं. चूक झाली ती पुढे. संमतीचे कागद छापून आले आणि चारुलताबाई ते तसेच घेऊन निघणार तोच त्यांचा हात अडला. लोकांच्या दारी न्यायचा कागद या घरातून कोरा कधी गेला नव्हता. त्यांनी प्रत्येकाच्या कोपऱ्याला कुंकू लावलं, एक प्रत विरेश्वराच्या पायाशी ठेवून आल्या, पेढ्यांचा पुडा घेतला आणि जरीची साडी नेसून बाजाराकडे निघाल्या.

दुपारपर्यंत गल्लीत बातमी झाली की गुप्त्यांकडे कार्य निघालंय.

शेजारची वैशाली तर फाटकातच उभी होती. “कुणाचं ठरलं हो, काकू? आणि आम्हाला पत्रिका शेवटी?”

“अगं, लग्न नाही. सरांनी व्याख्यानात ज्यांची नावं घेतली त्यांची परवानगी घेतेय.”

“मग आमचं द्या ना.”

“तुमचं नाव नाही त्यात.”

वैशालीचा चेहरा पडला. “म्हणजे महिपतशेठचं आहे, काकडीवाल्या रंगूबाईचं आहे, आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या आमचं नाही? पुरात तुमची भांडी आमच्या माळ्यावर होती, काकू. एक उदाहरण सुचलं नाही सरांना?” तिने पेढा घेतला, पण खाल्ला नाही. मुठीत धरून आत गेली आणि संध्याकाळी कोथिंबीर मागायलाही आली नाही.

तिकडे महिपतशेठांनी कागद वाचला, आपलं नाव बघून खूश झाले, गिऱ्हाइकांना पेढा वाटला आणि मग म्हणाले, “ऐकवा की वहिनी, काय म्हणालेत सर.”

ऐकवायला नको होतं. दुकानभर गिऱ्हाइकांसमोर सरांचा खणखणीत आवाज उमटला: “मक्तेदारी म्हणजे काय? घाट बंद होऊ द्या, वीज जाऊ द्या, आणि मग महिपतशेठच्या दुकानात मेणबत्ती मागून बघा!”

दुकान हसलं. महिपतशेठांनी कागद परत केला. “सर गेले म्हणून बोलत नाही, वहिनी. पण ही सही होणार नाही.”

चारुलताबाई खाली मान घालून पायरी उतरल्या. तेवढ्यात समोरच्या नव्या दुकानातला भागोजी काउंटरवरून वाकून ओरडला, “काकी, शेठ नको म्हणत असतील तर आमचं नाव घाला! मेणबत्त्या आमच्याकडेपण आहेत!”

महिपतशेठ चपला न घालता रस्त्यावर आले. “अरे, तुझं दुकान आलं कधी? घाट बंद व्हायचा तेव्हा सगळं महाड कुणाच्या दारात उभं असायचं? आणा तो कागद, वहिनी. दुकानाचं नाव पुरं घालता येईल का बघा.”

रंगूबाई पोलादपूरच्या वरच्या वाडीवरून बाजाराला आली होती. टोपली मांडीशी घेऊन तिने सगळं ऐकलं. ती डॉक्टरीणबाईंना एक भाव सांगते आणि मास्तरणीला दुसरा, असं सर म्हणत होते.

“मास्तरांचा आवाज जसाच्या तसा हाय गो,” ती म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. “बोलले ता खोटा नाय. पन डाक्टरनीला कळला तर?”

“ती कशाला अर्थशास्त्र ऐकतेय? मला एवढंच सांग, मला तू कमी भाव लावायचीस ना?”

“तुमाला? तुमाला जास्त. तुमी घासाघीस करता, वैनी. घासाघीस करनाऱ्याला आदीच वर सांगावा लागतो. कमी मास्तरांना. ते बिचारे मुकाट देयाचे.”

चारुलताबाईंनी अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली. एका दिवसात मनस्ताप पुरे झाला होता.

आता उरली ती त्यांची स्वतःची सही. कागद चार दिवस देवघराशेजारी पडून होता. रोज संध्याकाळी त्या तेवढाच भाग लावत, सर हसेपर्यंत ऐकत आणि बंद करत. सही केली तर जन्मभराचं भांडण हरल्या. नाही केली तर हे हसणं कुठल्या कपाटात जाईल कोण जाणे. अखेर महिना सरायच्या आदल्या दिवशी त्यांनी सही केली. केली, आणि पेन खाली ठेवताना त्यांना अस्मिताचा शब्द आठवला: कुणीही भर घालावी.

त्या उठून वैशालीच्या दारात गेल्या. “तुझा मोबाइल चांगला आहे ना गं? ये. मलाही व्याख्यान द्यायचंय. तुझं नाव टाकायला सांगते, चित्रीकरण वैशाली म्हणून.”

वैशाली हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून आली.

सरांच्याच खुर्चीत बसून चारुलताबाई मोबाइलकडे बघत म्हणाल्या, “मुलांनो, सरांचा बुडीत खर्चाचा धडा उत्तम आहे, नीट शिका. फक्त उदाहरणात माणूस चुकलाय. उठत होते ती मी. पदर धरून बसवलं ते सरांनी. ‘तिकीट काढलंय, चारू,’ असं ते म्हणाले. थिअरी येणं वेगळं आणि उठून जाता येणं वेगळं. एवढीच भर.”

आठवड्याने अस्मिताचा फोन आला. ती हसू दाबत होती. “काकू, तुमचे कागद पोचले. आमच्याकडे आजवर सह्या आल्या, शिक्के आले. कुंकू पहिल्यांदाच आलं. साहेबांनी विचारलं, मुहूर्त कधीचा आहे?”

“आणि माझी भर?”

“धड्याला जोडतोय. पण एक अडचण आहे. त्यात तुम्ही एका माणसाचं नाव घेऊन त्याच्याबद्दल काही सांगता. त्याची संमती लागेल.”

“कुणाची?”

“गुप्ते सरांची.”

“ते कसे देणार?”

“माणूस हयात नसेल तर वारसाने द्यायची, काकू. कागद पाठवलाय.”

चारुलताबाईंनी तो सावकाश वाचला. ‘माझ्याविषयी सांगितलेला प्रसंग मला मान्य असून तो प्रसिद्ध करण्यास माझी हरकत नाही.’ त्यांनी कोपऱ्याला कुंकू लावलं, आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: कै. रघुवीर गुप्ते यांच्या वतीने, चारुलता गुप्ते.

मग कुकर चढवला आणि मोबाइल ओट्यावर ठेवून तो भाग लावला.

“बघा! ऐकतायत त्या,” सर म्हणाले, आणि हसत सुटले.