नांगराचा फाळ तापला

“आलं का गं लोणी?” गोठ्यातून सासूबाईंनी हाक दिली.

“येतंय, आई!” नेसा म्हणाली. येत काहीच नव्हते. उजाडल्यापासून ती रवी वरखाली करत होती आणि पिंपातली साय तिला हसल्यासारखी नुसती बुडबुडत होती.

मे महिन्याची पहिली सकाळ. आज ज्या घरचे लोणी चेटकिणीने पळवले, त्या घरची वर्षाची बरकत गेली, हे केरीच्या आयरिश डोंगरात तान्ह्या पोरालाही ठाऊक. त्यात गोबनेटबाईंनी सुनेला बजावलेले, “आज लोणी आलं नाही, तर उद्यापासून रवी माझ्या हातात. तू आपली बटाटे सोलत बस.”

शेजारची हॅना डोकावली. घुसळण चालू असताना आलेल्याने हात लावल्यावाचून जायचे नसते, म्हणून तिनेही दम लागेपर्यंत घुसळले.

“करणीच गं ही,” ती धापा टाकत म्हणाली. “दाराला कडी घाल, चुलीत नांगराचा फाळ घाल. फाळ लाल झाला की चोरटीच्या अंगाची आग होते. धावत येते दाराशी, काहीतरी मागायला. जी येईल ती तीच!”

“आईसुद्धा हेच सांगतात,” नेसा म्हणाली.

फाळ पहाटेच्या आभाळासारखा लाल झाला. आणि दारावर धाडधाड थापा पडल्या.

“अगं, कडी काढ! गाईंच्या शेपट्यांना तांबडे दोरे बांधता बांधता पाइप विझला माझा. एक निखारा दे बाहेर!”

हॅनाने छातीवर क्रूस काढला. आजच्या दिवशी, आणि निखारा!

“आई,” नेसा दाराआडून हळूच म्हणाली, “आज घरातला विस्तव बाहेर जात नाही. तुम्हीच शिकवलंत.”

“ते परक्यांना गं! मी काय...” एवढ्यात खिडकीतून बाईंना लाल फाळ दिसला. त्याच्या शेजारी हॅनाचा उघडा जबडा दिसला. त्या जबड्यातली गोष्ट संध्याकाळच्या आत चर्चपर्यंत जायची.

कडी निघताच बाई निखाऱ्याचे नाव न काढता आत आल्या आणि रवीला भिडल्या. चुलीच्या धगीने साय ऊबदार झाली होती. थोड्याच वेळात पिंपाचा सूर बदलला, जड झाला, गुबगुबीत झाला. झाकण काढले तर लोणी! माळावरच्या काटेफुलांसारखे पिवळेधमक.

“बघितलंस? माझा हात लागला आणि...”

“आणि लोणी परत आलं,” हॅना म्हणाली. “ज्याने नेलं त्याच्याच हाताने येतं म्हणे.”

बाईंनी रवी अशी सोडली की जणू तोच तापलेला फाळ.

“माझा कसला मेला हात! बोटं टेकवली नुसती. सकाळपासून राबली ती पोर. लोणी तिचं, रवीपण तिचीच. ऐकलंस ना, हॅना? गावभर हेच सांग हो!”

नेसाने पहिला गोळा भिंतीला लावला, अदृश्य शेजाऱ्यांचा, म्हणजे डोंगरातल्या पऱ्यांचा, वाटा म्हणून. दुसरा गरम भाकरीवर थापून सासूबाईंपुढे ठेवला.

बाईंनी घास घेतला. डोळे मिटले. मग इकडेतिकडे पाहत हळूच विचारले,

“बटाटे कुठे ठेवलेस गं?”