मोठा एफ, लहान एफ

वेबसाइट चष्म्यांच्या दुकानाची, आणि तिच्यावर एकही चष्मा दिसत नव्हता. दुकान बायकोच्या थोरल्या भावाचं, वेबसाइट नवऱ्याने केलेली, आणि उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी.

"जावईबापू, इथं नुसते पांढरे चौकोन दिसतायत हो," दादा फोनवर म्हणाला.

"माझ्याकडे तर व्यवस्थित दिसतंय, दादा."

"मग गिऱ्हाइकांना तुमच्याकडेच पाठवू का?"

फोन ठेवतो न ठेवतो तोच बायको कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "हे बघ, दादा हे काम वहिनीच्या भावाला देणार होता. तोही वेबसाइटीच करतो. मी मध्ये पडले, तुझ्यासाठी शब्द टाकला. उद्या वहिनीसमोर मला तोंडघशी पाडलंस, तर माहेरी जायला मला तोंड राहणार नाही. मग मी बारा महिने इथेच असेन, एवढं लक्षात ठेव."

ही धमकी बरोबर लागली. त्याने घाईघाईने ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. या मित्राला सगळे 'स्वामी' म्हणत, कारण भेटेल त्याला तो लॅपटॉपवर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची दीक्षा देत असे. स्वामींनी रोग लगेच ओळखला.

"फोटोंच्या नावात फ्रेमचा एफ मोठा आहे आणि तू कोडमध्ये लहान लिहिलायस. विंडोजला दोन्ही सारखेच. पण वेबसाइट ज्या सर्व्हरवर ठेवलीयस तो लिनक्सवाला, त्याला ही दोन वेगळी नावं वाटतात. तुझ्या विंडोजला लहान-मोठं कळतच नाही रे!"

फोन स्पीकरवर होता. मटार सोलणाऱ्या आईने मान वर केली. "कुणाला लहान-मोठं कळत नाही?"

"कॉम्प्युटरला, आई."

"ज्या घरात राहायचं तिथलंच वळण लागणार," आई म्हणाली आणि पुन्हा मटारांकडे वळली.

आता नावं बदलली असती तर काम दहा मिनिटांत संपलं असतं. कुठल्याही शहाण्या माणसाने तेवढं केलं असतं आणि जेवून दुपारी ताणून दिली असती. पण स्वामी म्हणाले, "नावं बदलणं ही वरवरची मलमपट्टी. मुळावर घाव घाल. लिनक्स टाक!" आणि नेमकं हेच दुखणं नवरोबा गेली दोन वर्षं कुरवाळत होते. विंडोज सोडावं की ठेवावं? त्यावरचे झाडून सगळे व्हिडिओ त्याने पाहिले होते. लग्नाला पहिल्याच भेटीत हो म्हणणारा हा माणूस इथे मात्र अडून बसला होता.

सकाळभर त्याने येरझाऱ्या घातल्या. लिनक्स टाकलं तर घरचं आणि सर्व्हरचं एकसारखं होईल, पण फोटोचा आवडता प्रोग्रॅम जाईल. विंडोज ठेवलं तर प्रोग्रॅम राहील, पण असे घोळ होतच राहतील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

"अरे, आधी चष्मे दिसू देत ना!" बायको ओरडली.

"अगं, पायाच चुकलाय. पाया बदलल्याशिवाय..."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

दुपारी त्याला तोडगा सापडला. एकाच लॅपटॉपवर दोन्ही ठेवायची. "दोन घरचा पाहुणा उपाशी," आई म्हणाली. पण आईचं ऐकायचंच असतं तर तो बँकेत नसता का लागला? त्याने दुकानाचं सगळं काम पेनड्राइव्हवर घेतलं आणि लिनक्स टाकायला बसला. मध्ये कसलासा लांबलचक प्रश्न आला, त्याला घाईत न वाचताच 'हो' म्हणून टाकलं.

लिनक्स दिमाखात सुरू झालं. फक्त वायफाय सुरू होईना. ते कसं सुरू करायचं हे इंटरनेटवर लिहिलेलं होतं, आणि इंटरनेट वायफायवर होतं. बरं, विंडोजमध्ये परत जावं, तर विंडोज सापडेना. त्या 'हो'ने ते कायमचा निरोप घेऊन गेलं होतं.

उद्घाटनाची सकाळ उजाडली. दादाचे फोनवर फोन येत होते आणि बायको उचलत नव्हती. शेवटी तिचाच फोन वायरीने लॅपटॉपला जोडला तेव्हा कुठे इंटरनेट आलं. त्याने पेनड्राइव्हवरची वेबसाइट लॅपटॉपवर उतरवून उघडली. समोर ओळीने पांढरे चौकोन!

"दिसत नाहीयेत! अगं, माझ्याकडेही दिसत नाहीयेत!" त्याने आनंदाने आईला मिठीच मारली.

बायकोने कपाळावर हात मारला. "काल फक्त दादाला दिसत नव्हते, आज तुलाही दिसत नाहीत. केवढी प्रगती केलीस रे! बस इथे. मोठा एफ लहान कर. माझ्यासमोर."

ती डोक्याशी उभी राहिली आणि त्याने मुकाट्याने एकेक नाव बदलून वेबसाइट पुन्हा सर्व्हरवर चढवली. खरंच दहा मिनिटं लागली. गोल, चौकोनी, सोनेरी काड्यांचे, सगळे चष्मे झळकले. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्ध्या तासात दादाचा फोन आला. आता कौतुक ऐकायचं म्हणून तिने तो वायरीसकट उचलून स्पीकरवर टाकला.

"वेबसाइटला हात कुणी लावला?" दादा गरजला.

"का रे? दिसतायत ना चष्मे?"

"तेच विचारतोय, का दिसायला लागले? सकाळपासून दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती! जो तो येऊन सांगतोय, वेबसाइटवर काही दिसेना, म्हटलं नंबर वाढला असेल, एकदा डोळे तपासून घ्यावेत. तपासणारा घामाघूम झाला. तुझी वहिनीसुद्धा म्हणाली, जावईबापूंचं डोकं म्हणजे डोकं, माझ्या भावाला हे सात जन्मांत सुचलं नसतं! आणि आता लोक फोनवरच चष्मे बघून माघारी जातायत. होतं तसं करून द्या, ताबडतोब!"

नवरा खुर्चीत ताठ बसला. "होईल की दादा. फक्त त्यासाठी विंडोज पुन्हा टाकावं की लिनक्सवरच करावं, याचा जरा विचार..."

बायकोने लॅपटॉप त्याच्या पुढ्यातून ओढून घेतला.

"दादा, मी स्वतः बसते," ती म्हणाली. "पाच मिनिटांत बिघडवून देते. माझा शब्द आहे."