पहिलं कोण आलं याचा शास्त्रोक्त निर्णय

स्पर्धा निकोप व्हायची असेल, तर निकाल आधी ठरलेला असणं फार आवश्यक आहे. म्हणून आमच्या वाजपेय यज्ञात सतरा रथांची शर्यत लावतात आणि ती राजा जिंकतो. (उरलेले सोळा सारथी हरण्याचा कसून सराव करतात. ते जिंकण्याहून अवघड आहे, कारण आमच्या ऋतुधन राजांना रथ हाकता येत नाही.)

यंदा वृषगण सारथ्याची घोडी लंगडू लागली, म्हणून त्याने सासऱ्याची शोणा जुंपली. घोडी गुणी होती. फक्त तिला शास्त्र माहीत नव्हतं.

नगारे वाजले. औदुंबराच्या खांबाला वळसा घालताना राजांच्या घोड्यांना हिरवळ दिसली आणि ते चरायला थांबले. मागचे पंधरा रथही आदराने थांबले. एकाने तर चाक दुरुस्तीला काढलं. (चाक उत्तम होतं.) शोणा मात्र उधळली. "थांब गं बाई, लेकरं आहेत मला!" असं ओरडत, लगाम ओढत वृषगण पहिला आला.

मंडपात सगळे आपापली मान चाचपू लागले. राजा हरला की यज्ञ फुकट, आणि यज्ञ फुकट गेला की कुणाचं तरी डोकं जातं. पुरोहित गौपायन वृषगणाकडे टक लावून बघू लागले. तो घामाघूम होऊन घोडीआड सरकला.

एवढ्यात राजे धापा टाकत पायीच आले. "माझ्यापुढे कोण गेलं?"

"अहो, तुमच्यापुढे कोण जाणार?" पट्टराणी सुवर्चा म्हणाल्या. "तुम्ही येताय, ही वर्दी द्यायला नको का कुणी?"

"मग हा बोंबलत का आला?"

"वर्दी काय कानात कुजबुजून देतात?"

राजांना पटलं. गौपायनांनी तिथल्या तिथे नियम सांगितला : सर्वांआधी येतो तो वर्दीदार, त्याच्यानंतर येतो तो पहिला. वृषगणाला वंशपरंपरागत वर्दीदारी मिळाली. तो मटकन खाली बसला आणि घोडीच्या पायाला मिठी मारून हसत सुटला. पंधरा सारथी मात्र भडकले. "इतकी वर्षं आम्ही नीट हरतोय, आमचं काय?"

प्रजेने जयघोष केला. आता खिरीची पंगत बसली आहे आणि वाढायचं काम माझ्याकडे आहे. प्रत्येकाला विचारूनच वाढायचं, असा हुकूम आहे. सरका पुढे, तूपही भरपूर आहे. हं, बोला, पहिलं कोण आलं?