आईच्या तसबिरीवरची ओल

मंडळी, भिंतीची ओल ही काही देवाने माणसामागे लावलेली पीडा नव्हे. ती फक्त आळशी माणसाच्या मागे लागते! असं मी ताईला फोनवर ठणकावून सांगितलं आणि वर म्हणालो, "थंडी पडायच्या आत बाबांच्या खोलीची भिंत खडखडीत कोरडी करून दाखवतो. नाही झाली, तर बाबांना खुशाल घेऊन जा!"

ते शेवटचं वाक्य नको होतं बोलायला. आमची ताई ऐकलेलं विसरत नाही.

बाबांची छाती त्या वर्षी पार खालावली होती. डॉक्टर औषधं लिहिता लिहिता म्हणाले होते, "कोरड्या, उबदार खोलीत ठेवा. हा हिवाळा ओलीत काढला, तर..." पुढचं त्यांनी लिहिलंही नाही आणि सांगितलंही नाही.

पण बाबांना ताईकडे जायचं नव्हतं. आमचं घर विटांचं, जुनं. त्यांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर आईची तसबीर. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची भांडणं अजून मिटलेली नव्हती. सकाळी डोळे उघडले की बाबा तिच्याशी तावातावाने बोलायला लागत. आणि भिंत? हात लावावा तर तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखी गार, ओलसर. पोपडे तर असे पडत की बाबांच्या पांघरुणावर रोज सकाळी पीठ चाळल्यासारखं दिसे.

देवाचं नाव घेतलं आणि कामाला लागलो. बाहेरून विटांचे सांधे खरवडून सिमेंट भरलं, वर वॉटरप्रूफिंगचे हात मारले. आतून थर्माकोलचे जाड तक्ते चिकटवले. खिडकीच्या फटी सिलिकॉनने अशा बुजवल्या की मुंगीलासुद्धा परवानगी काढावी लागेल! तोंडाने भजन चालूच होतं.

"मी काय मासळी आहे," बाबा खोकत म्हणाले, "थर्माकोलच्या खोक्यात घालून ठेवायला?"

"बाबा, ऊब राहील. आईला जरा खाली उतरवू का?"

"हात लावायचा नाही!"

मग काय! तसबिरीभोवती थर्माकोल चौकोनी कापला. सगळ्या भिंतीला स्वेटर, आणि आईच्या पाठीशी तेवढी उघडी, गारठलेली वीट. कोनाड्यात बसवल्यासारखी दिसू लागली आई. मला तर गहिवरूनच आलं.

खोली उबदार झाली. बाबांना वाफ द्यायला केटली आत उकळत ठेवली. देवाचे आभार मानायला नकोत? संध्याकाळी बुवांना बोलावलं. आमचे बुवा गाऊन निरूपण करतात. ऐकताना मला जेवणाची शुद्ध राहत नाही. त्यांच्यामागे सगळी भजनी मंडळी आली. बंद खोली, दाटीवाटीने बसलेली माणसं, बुवांचा चढलेला सूर... आणि मावशी किंचाळली.

"अगं बाई! माझी बहीण रडतेय!"

आईच्या तसबिरीच्या काचेवर, बरोबर डोळ्याखालून, एक थेंब ओघळत होता.

बुवांचा आवाज कापला. त्यांनी निरूपण तिथेच सोडून आईच्या मायेवर नवं सुरू केलं. माझ्याही डोळ्यांना धार. दुसऱ्या दिवशी दुप्पट माणसं आली, आणि आई दुप्पट रडली!

"लेक आपल्या बापाला इथून घेऊन जायला निघालीय ना, म्हणून रडते," मावशी म्हणाली. "मी माझ्या बहिणीला ओळखते."

"खोलीत एवढी गर्दी भरली म्हणून रडत असेल," माझी बायको कप गोळा करत पुटपुटली. "तिला कधीच आवडायची नाही."

तिच्याकडे कोण लक्ष देतो! आई रडे तशी माणसं येत, आणि माणसं येत तशी आई रडे. तसबिरीखालचा थर्माकोल सुटला, मागे काळी बुरशी चढली. बाबांचा खोकला आता भजनाच्या मध्ये टाळासारखा वाजू लागला. मी म्हणालो, वाफ वाढवा!

त्याच वाफेत ताई दारात उभी राहिली. तिने आईकडे पाहिलं नाही, बुवांकडे पाहिलं नाही. बोट भिंतीवर फिरवलं आणि ते ओलं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"बाबा, चला."

बाबा गेले. चार पावलं टाकायची तर दोनदा टेकले. दारातून म्हणाले, "तिला इथून हलवू नकोस. मी परत येणारे." आवाज अगदी बारीक होता.

रिकाम्या खोलीत कोण बसणार? मंडळी यायची थांबली, केटली थांबली. आणि आईची काच कोरडी! मला राहवेना. फोन लावला.

"बाबा, आनंदाची बातमी! आई रडायची थांबली!"

पलीकडे नुसती घरघर. मग बाबा म्हणाले, "मी निघालो आणि ती थांबली?"

फोन बंद.

मी तसबिरीसमोर उभा राहिलो. "आई गं, आता काय सांगू त्यांना?" म्हणून खोल सुस्कारा टाकला. काचेवर ढग उमटला. ढगाचा थेंब झाला. थेंब ओघळला.

मंडळी, एवढी निरूपणं ऐकली, पण डोक्यात उजेड पडला तो तेव्हा! आई नव्हती रडत. आम्हीच सगळे तिच्या थंडगार काचेवर श्वास सोडत होतो.

सिलिकॉन उपटून खिडकी उघडली. केटली स्वयंपाकघरात गेली. आईच्या पाठीमागे थर्माकोलचा तुकडा बसवला. त्यासाठी तिला क्षणभर खाली उतरवून पुन्हा तिथेच टांगलं, पण तसूभरही हलवलं नाही असं देवाला सांगून ठेवलं. मग बाबांना फोन केला आणि दुसरी थाप मारली, "आई पुन्हा रडायला लागलीय."

"खरंच?"

"खरंच."

"मग गाडी पाठव."

ताई बरोबर आली. भिंतीवर बोट फिरवलं, कोरडं निघालं, तेव्हाच तिने बाबांची पिशवी खाली ठेवली.

आता पंचाईत अशी, की ताईला भिंत कोरडी हवी आणि बाबांना आई ओली हवी! म्हणून रोज सकाळी बाबा उठायच्या आत मी चवड्यांवर आत जातो आणि काचेवर "हाऽऽ" करतो. देव क्षमा करो.

आज सकाळीही केलं. थेंब छान जमला. मागे वळणार, तोच पांघरुणातून, डोळे मिटूनच, बाबा म्हणाले,

"झालं का फुंकून? उद्यापासून आधी दात घासून येत जा. तिला वास सहन होत नाही."