मन्मथप्पांचा एकच नाद

आरतीच्या ताटातून सुटे पैसे परत घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी मन्मथप्पा. ताट समोर आलं की अप्पा वीसची नोट टाकतात, चष्मा कपाळावरून नाकावर घेतात आणि ताटातली नाणी एकेक करून उलटवायला लागतात. मागची रांग खोळंबते. पुजारी ताट जरा मागे ओढतो, अप्पा ते तितकंच पुढे ओढतात.

"अप्पा, देवाचं ताट हाय ह्ये, भाजीचं टोपलं न्हाई."

"देवाला सन वाचायची गरज न्हाई, मला हाय. खाली चांदणी हाय का तेवढी बघू दे की!"

चांदणी म्हणजे सनाच्या खाली उठवलेला बारीकसा तारा. नाणं हैदराबादच्या टांकसाळीतलं असल्याची खूण. ती दिसली की अप्पा एवढ्या जोरात "हैदराबादी!" म्हणतात, की आरती म्हणणारे दचकून कडवं चुकतात.

लातूरच्या गंजगोलाईत अप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर आता मुलगा बसवराज बसतो. अप्पांनी आपलं ठाणं मोडीच्या ढिगाशेजारी हलवलंय. लोक जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालून नवी नेतात, आणि त्या जुन्या हंड्या-कळशांच्या बुडाशी कधीकधी एखादा विसरलेला पैसा चिकटलेला असतो. अप्पा प्रत्येक हंड्यात डोकं घालतात. एकदा डोकं अडकलं होतं. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "न्हाई हो, नुसतं सुपारीचं खांड निघालं."

अशा अप्पांचं आवडतं वाक्य मात्र "गुर्जी, आता नाद एकच!" हे आहे. मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर, म्हणून गुर्जी. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांचा एकच नाद निजामाच्या हाली शिक्क्यांचा होता, चारमिनारवाल्या. महिन्याभरात एकच नाद चांदणीचा झाला. मग फक्त गेंडा असलेली पावली. मग टांकसाळीत चुकून वाकडी छापलेली नाणी. ती मिळेनात, तेव्हा अप्पा सरळ नाणीही वाकडी धरून बघायला लागले.

बैलाच्या आण्याचं प्रकरण तर मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या जुन्या आण्यावर एक बैल उभा आहे. अप्पांनी भिंग लावून जाहीर केलं, "वशिंड बघा, गळ्याची पोळी बघा. देवणीचाच हाय ह्यो!" एवढ्यावर न थांबता ते मला घेऊन बैलांसाठी नावाजलेल्या देवणीला गेले आणि बाजारातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तळहातावर तो आणा ठेवला. त्याने तो उन्हात धरला, डोळे बारीक केले आणि विचारलं,

"बैल बरा हाय. किती दाताचा हाय?"

अप्पांनी आणा खिशात घातला. परतीच्या गाडीत म्हणाले, "गुर्जी, जनावरांच्या नाण्यात लई फसवणूक हाय. सोडलं. आता नाद एकच."

या सगळ्याला शेवटी बसवराज वैतागला. दुकानाच्या काचेच्या कपाटात कुकर मांडायला जागा नव्हती. तिथे अप्पांचे बिस्किटांचे डबे, आणि डब्यांत नाण्यांचा काला. नांदेडला नाण्यांचं प्रदर्शन भरणार असल्याचं कळलं, तेव्हा त्याने माझ्यादेखत सांगून टाकलं, "अप्पा, तिथं एकच विषय मांडायचा हाय. एक तरी विषय पुरा करून दाखवा, कपाट तुमचं. न्हाई जमलं, तर सगळे डबे मोडीत. किलोवर!"

"किलोवर?" अप्पांचा आवाज चिरकला.

"तांबं वेगळं, पितळ वेगळं. सोडतो का काय!"

अप्पांनी त्याच संध्याकाळी मला गाठलं. विषय ठरला, पुन्हा हाली शिक्के. आणि अप्पांचं लक्ष इकडेतिकडे जाऊ न देण्याची जबाबदारी माझ्यावर आली. ही निवड पाहून माझी बायको तासभर हसत होती. मी एकाच वर्षात बासरी, होमिओपॅथी आणि मधमाश्या सोडलेला माणूस. मधमाश्यांनी मला सोडलं असंही म्हणता येईल.

पण मी कामाला लागलो. रोज सकाळी अप्पांसमोर बसायचं, डब्यातून चारमिनार निघाला की बाजूला, दुसरं काही निघालं की परत आत. अप्पा चोरून गेंड्याकडे बघायचे. मी खाकरायचो. "बघलालो फक्त," ते म्हणायचे, "हात कुठं लावलाय?" असं करत नाणी ठेवायच्या खिशांच्या वहीत शिक्क्यांची तीन पानं भरली. फक्त पहिल्या पानाच्या पहिल्या खिशात एक भलताच पैसा होता. मधे भोक असलेला, इंग्रजांचा, काळाकुट्ट, भोकाच्या कडेला काहीतरी तांबूस थापलेलं.

"अप्पा, हा विषयाबाहेरचा आहे."

"राहू द्या त्येला."

"परीक्षक नाव ठेवतील."

"राहू द्या म्हनलं ना!" अप्पा एवढे कडक कधी बोलत नाहीत. मी विषय सोडला. सोडायची मला सवय आहेच.

नाण्यांखाली सुंदर अक्षरात माहिती लिहायला ती पानं मी घरी आणली आणि मला कल्पना सुचली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या नुकसानीची सुरुवात या वाक्याने होते. नाणी फार मळकी दिसत होती. मी घरातली पावशेर चिंच भिजत घातली, त्यात मीठ घातलं आणि एकेक नाणं घासून काढलं. भोकाचा पैसा सगळ्यांत हट्टी. त्याला मी जुना दातांचा ब्रश लावला. तासाभरात सगळं कसं लखलखीत! बायको म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही काहीतरी नीट घासलंत."

दुसऱ्या दिवशी अप्पा आले. पान उघडलं आणि डोक्याला हात लावून खालीच बसले.

"गुर्जी! नाण्याला आंघोळ घातलीत? अहो, त्येची काळी साय म्हंजेच त्येचं वय! आता ही काल पाडल्यावानी दिसू लागलीत!"

मी माफी मागितली. अप्पा हसलेसुद्धा. "जाऊ द्या. निजाम साहेब बी खूश झाले असते, एवढे उजळ झालेत." मग त्यांची नजर पहिल्या खिशावर गेली. त्यांनी भोकाचा पैसा बाहेर काढला, बोटाने कड चाचपली, बोटाकडे पाहिलं. बोट कोरडं होतं.

"ह्ये बी धुतलं?"

"त्यालाच जास्त वेळ लागला, अप्पा," मी अजूनही शाबासकीच्या आशेवर होतो.

अप्पांनी पैसा तळहातावर घेतला. मग पैशाशीच बोलल्यासारखं सांगत गेले. कमलबाईंचा पैसा होता तो. त्यांच्या गेलेल्या बायकोचा, बार्शीच्या माहेराहून आणलेला. रोज सकाळी कपाळाला मेण लावायचं, हा पैसा टेकवायचा आणि भोकातून कुंकू दाबायचं. गोल कसं अगदी ठसठशीत.

"लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी तिला म्हनलं, तो पैसा मला दे, लई भारी हाय. ती म्हनली, बदली दुसरा आणा, मग बघू. मी चारमिनार आणला. न्हाई म्हनली. चांदीचा आणला, न्हाई. गेंडा आणला, बैल आणला. दर खेपेला ती उलटून बघायची अन म्हनायची, बरा हाय, पर माझ्या पैशासारखा न्हाई." अप्पा हसले. "आसं करत करत डबे भरले की हो."

 चिंचेचं पातेलं अजून ओट्यावर होतं.

बायको आतून सगळं ऐकत होती. ती एरवी टिकली लावते. ती बाहेर आली, अप्पांपुढे हात केला आणि म्हणाली, "अप्पा, द्या इकडं." कुंकवाचा करंडा आणि मेण घेऊन आरशासमोर उभी राहिली, पैसा कपाळाला टेकवला आणि भोकातून कुंकू दाबलं. पैसा पुसायला मी रुमाल पुढे केला, तर तिने असं पाहिलं की रुमालच पुसला गेला असता. तसाच लाल कडेचा पैसा तिने अप्पांच्या हातावर ठेवला.

अप्पांनी तो उजेडात धरला. "बरा मळला," एवढंच म्हणाले.

नांदेडला परीक्षकांनी हाली शिक्के पाहून नाक मुरडलं, कारण घासलेली नाणी त्यांना दुरूनही ओळखता येतात. मग त्यांनी पहिल्या खिशावर पेन टेकवला.

"आणि हे इथे कसं? हे तर तुमच्या विषयात बसत नाही."

"सायेब," अप्पा शांतपणे म्हणाले, "इषय त्योच हाय. बाकीचे भरतीला आणलेत."

बक्षीस मिळालं नाही, हे सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी दुकानात अप्पांनी स्वतःच डबे मोडीच्या तराजूजवळ आणून ठेवले. शब्द म्हणजे शब्द. बसवराजने वजनं काढली, वर असलेली वही सहज उघडली आणि पहिल्या पानावरच थांबला. तांबडी झालेली भोकाची कड त्याने अंगठ्याने चाचपली. अंगठ्याला थोडं कुंकू लागलं. ते त्याने पुसलं नाही.

"मला वाटलं, आईबरोबरच गेला ह्यो," तो म्हणाला.

मग तो उठला, रिकाम्या झालेल्या काचेच्या कपाटात सकाळीच मांडलेले कुकर एकेक करून खाली जमिनीवर मांडायला लागला आणि आमच्याकडे न बघता बोलला, "आईचा पैसा वरच्या खणात ठेवा, अप्पा. बाकीचा पसारा खाली."

अप्पांनी पैसा वरच्या खणात ठेवला, जरा मागे सरकून पाहिला, पुन्हा पुढे होऊन सरळ केला. तेवढ्यात गल्ल्यावर एका बाईने विकत घेतलेल्या पेल्याचे सुटे पैसे दिले. नाणी वाजली. अप्पांची मान आपोआप तिकडे वळली.

मी खाकरलो.

"बघलालो फक्त," अप्पा म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात टाकून कपाटाच्या वरच्या खणाकडे बोट दाखवलं. "नाद एकच हाय, गुर्जी. पयल्यापासून."