छापील आकडा

रेंजसाहेबांनी विजेवरची गाडी घेऊन फार दिवस झाले नव्हते, पण तिची रेंज तोंडपाठ नाही असा माणूस सोसायटीत उरला नव्हता. एका चार्जिंगमध्ये चारशे साठ किलोमीटर. कुणी नुसतं "काय, बरं आहे ना?" म्हणालं तरी उत्तर चारशे साठच यायचं. रेंजसाहेब हे नाव त्यांना तळमजल्यावरच्या कंपाउंडरनं दिलं आणि ते इतकं चिकटलं, की एकदा खुद्द बायकोच फोनवर "रेंजसाहेब आंघोळीला गेलेत" असं बोलून गेली.

हा कंपाउंडर म्हणजे एक वस्ताद. जिन्यात भेटला की हळूच म्हणायचा, "छापतात तेवढी देत नाही हो साहेब, कुठलीच गाडी." झालं. साहेबांचा पुढचा सगळा दिवस नासायचा. एकदा लांबचा पल्ला मारून या माणसाचं तोंड कायमचं बंद करायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण ऑफिस पडलं हाकेच्या अंतरावर, आणि लांब बोलावणारं कुणी नव्हतं.

शेवटी बोलावणं आलं ते नको तसलं. घाटापलीकडच्या गावाहून आत्याच्या सुनेचा फोन आला. आत्याचं आता काही खरं नाही. दुपारपर्यंत शुद्धीवर असते, माणसं ओळखते, मग गुंगीत जाते. डॉक्टर म्हणाले, भेटायचं त्यांना भेटून जाऊ द्या.

साहेबांना आणि त्यांच्या ताईला आईमागे या आत्यानंच वाढवलं होतं. चार दिवस भावाकडे राहायला आलेल्या ताईनं फोन ठेवल्या ठेवल्या पहाटेच्या बसचं तिकीट काढलं. ते ऐकून साहेबांना अपमान झाल्यासारखं वाटलं.

"बस कशाला? दारात गाडी उभी आहे."

"अरे, पण पोचेल ना वेळेत? ती शुद्धीवर आहे तोवर मला भेटायचंय तिला. तिनं एकदा ओळखलं ना, की बास. मला दुसरं काही नको."

"ताई, अंतर अडीचशे, गाडी जाते चारशे साठ. वजाबाकी येते ना तुला?"

ताईला वजाबाकी येत होती. तिनं तिकीट रद्द केलं.

निघाले तेव्हा थंडी अशी, की काचेवर बर्फाचा पापुद्रा. साहेबांनी ऐटीत हीटर लावला, गाणी लावली. शहर मागे पडलं आणि त्यांचं लक्ष पडद्यावरच्या आकड्याकडे गेलं. तो चारशे साठ नव्हताच. तीनशेही नव्हता. वर गाडी दहा किलोमीटर गेली की तो वीसनं उतरत होता.

"हीटर जरा बंद करतो," साहेब म्हणाले. "हवा फार कोरडी होते त्यानं."

मग गाणी बंद झाली. मग ताईचा फोन चार्जिंगवरून निघाला. घाट सुरू झाला तेव्हा ताईचे दात वाजायला लागले होते. साहेबांना दया आली. त्यांनी डिकीतून गाडीवर घालायचं चंदेरी कव्हर काढलं आणि ताईला त्यात गुंडाळलं. नुसतं नाकच काय ते बाहेर राहिलं.

"वेग जरा वाढव ना," कव्हरमधून आवाज आला.

"वेग वाढवला की रेंज पडते."

दुधाचे कॅन भरलेला ट्रॅक्टर त्यांना मागे टाकून पुढे गेला. थोड्या वेळानं मागून बस आली, हॉर्न वाजवत निघून गेली. उशिरा सुटलेली का असेना, ताईचीच बस होती ती. बसच्या काचा आतल्या उबेनं धुरकटल्या होत्या. ताई वळणापर्यंत तिच्याकडे बघत राहिली. ती बोलली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं.

घाटमाथ्यावर एका हॉटेलामागे चार्जिंगची दोन यंत्रं होती. एकावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, म्हणजे ते बंद. दुसऱ्यापुढे डिझेलची जीप आडवी लावलेली. जीपवाला आत जेवत होता.

"गाडी काढता का जरा? पेशंटला भेटायचंय."

"जेवण झालं की काढतो," तो म्हणाला आणि त्यानं भात मागवला.

जीप निघाली, तर यंत्राला मोबाईलवरचा ओटीपी हवा आणि मोबाईलला नेटवर्क नाही. साहेब कंपाउंडच्या भिंतीवर चढून, हात वर करून उभे राहिले, तेव्हा कुठे ओटीपी आला. वीज सुरू झाली, पण बॅटरी गारठलेली, ती घेईना. थेंबाथेंबानं भरत बसली. ताईनं घड्याळ बघायचं सोडून दिलं. दुपार तिथंच गेली.

आत्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा उजेड सरत आला होता आणि पडद्यावर बॅटरी संपत आल्याचं कासवाचं चित्र लुकलुकत होतं. दार सुनेनं उघडलं. या दोघांची ती वहिनी.

"सकाळपासून वाट बघत होत्या," ती म्हणाली. "दोघांची नावं घेतली. आत्ताच डोळा लागला."

ताई चपला काढून आत पळाली. साहेबांच्या डोक्यात मात्र गाडी. ती पुरती मेली तर परत जायचं कसं? घरात मोठा प्लग एकच होता, आत्याच्या खाटेमागे, आणि त्यावर हीटर चालू होता. "पाचच मिनिटं," असं पुटपुटत साहेबांनी हीटर काढला, गाडीची वायर लावली आणि ती बाहेर न्यायला खिडकी अर्धी उघडी टाकली.

खोली गारठली. त्या गारव्यानंच आत्याला जाग आली असावी. तिनं ताईचा हात चाचपडला.

"कोण गं? पोरी, आलीस?"

"आले गं आत्या. उशीर झाला."

आत्याची नजर उशाजवळून गेलेल्या वायरवर गेली. "हे काय?"

"तुझ्या लाडक्याची गाडी लागलीय इथं. थांब, आत्ता उपटते."

आत्यानं तिचा हात धरून ठेवला. "असू दे गं. सोन्याला परत लांब जायचंय. आधी त्याची गाडी भरू दे."

ताई आणखी काहीतरी ऐकायला वाकून राहिली. आत्या पुन्हा गुंगीत गेली होती. मग ताईनं वायर उपटली, हीटर लावला, खिडकी घट्ट बंद केली आणि खाटेशी येऊन बसली. साहेब दारात उभेच होते. त्यांच्याकडे तिनं पाहिलंही नाही.

उजाडायच्या आत आत्या गेली. 'गाडी भरू दे' म्हणाल्यानंतर ती काहीच बोलली नव्हती.

सगळं आटोपल्यावर वहिनीनं हीटर गुंडाळून माळ्यावर टाकला. "लावा आता तुमची गाडी," ती म्हणाली. "प्लग मोकळाच आहे." तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. साहेबांना मात्र रडू फुटलं.

परतीच्या वाटेवर थंडी तशीच होती, फक्त बराचसा रस्ता आता उताराचा होता. घाटात ताई म्हणाली, "लाव रे हीटर. गाडी भरलीय आता."

"नको," साहेब म्हणाले, आणि त्यांनी हीटरला हात लावला नाही. कव्हर ताईच्या अंगावर नीट सारखं केलं तेवढंच.

त्यांनी ताईला तिच्या गावी सोडलं आणि तसेच लांबच्या रस्त्यानं, सावकाश, गारठत घरी आले. गाडी बंद करताना सहज पडद्याकडे नजर गेली. आत्याच्या दारापासून चारशे साठ किलोमीटर झाले होते, आणि अजून थोडी शिल्लक होती.

कंपाउंडर जिन्यातच उभा. "काय साहेब, गेला होतात म्हणे लांब? किती दिली मग?"

रेंजसाहेबांनी गाडीची किल्ली खिशात टाकली.

"तुम्ही म्हणता तेच खरं," ते म्हणाले. "छापतात तेवढी देत नाही."