अण्णा हत्तुरे आणि उडालेलं पाणी

आमच्या चाळीतले अण्णा हत्तुरे रोज संध्याकाळी ज्वारीचं वजन करायला जायचे. पोत्यातल्या ज्वारीचं नव्हे. उभ्या, हिरव्या, पानं हलवणाऱ्या ज्वारीचं. रॉकेलच्या रिकाम्या डब्यात काळी माती भरून त्यात त्यांनी ज्वारीची दोन ताटं वाढवली होती. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरायचा, पानं डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून मान एका बाजूला कलती करायची आणि कोपऱ्यावरच्या इस्माईलभाईंच्या कोळशाच्या वखारीत शिरायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी तापलेलं पोर दवाखान्यात नेतंय.

"क्या अण्णा, आज कित्ता पिया?" इस्माईलभाई विचारायचे.

"बघू की. आज वारं लई हुतं."

डब्याचं वजन कालच्यापेक्षा जेवढं कमी भरेल, तेवढं पाणी दिवसभरात हवेत गेलं, असं ते गणित होतं. थोडं मातीतून, बाकीचं पानांतून. इस्माईलभाई कोळशाच्या हातानं काटा ठोकत म्हणायचे, "अर्धा किलो इधर-उधर चलता है." त्यावर अण्णा लालबुंद व्हायचे. "आरं, अर्धा किलो म्हणजे झाडाचा अख्खा दिवस हाय!"

अण्णांची नोकरीही हीच. गावाबाहेरच्या शेतकी फार्मवर एक पसरट, उघडं भांडं पाण्यानं भरून उन्हात ठेवलेलं असे. त्यातलं पाणी रोज किती खाली गेलं हे अण्णांनी मोजायचं. पाणी उन्हात ठेवून ते कमी होताना बघत बसायचं, याला सरकार पगार देतं, हे माझ्या बायकोला शेवटपर्यंत पटलं नाही.

अण्णा मूळचे कानडी सीमेवरच्या मैंदर्गीचे. रागावले की कानडीत रागवायचे, म्हणून आम्हाला नेमकं काय बोलले ते कळत नसे, आणि त्यामुळे भांडणं लवकर मिटत. सोलापूरला येण्याआधी त्यांची उमेदीची सगळी वर्षं घाटमाथ्यावरच्या, पाऊस-पाणी मोजायच्या एका उंच ठाण्यावर गेली होती. त्या काळाला ते नुसतं 'वर' म्हणत. चाळीत नवीन आले तेव्हा माझ्या बायकोला म्हणाले, "मी वर हुतो तवा असं नव्हतं." ती बिचारी घाबरून आत आली आणि मला म्हणाली, "अहो, हे गृहस्थ एकदा जाऊन आलेत वाटतं!"

'वर' पावसाळाभर धुकं असे. भांड्यातलं पाणी कमी होण्याचं नाव घेत नसे. थंडी सरून ऊन तापायला लागलं की जरा जरा हलायचं. "डोंगरावरचं पाणी आळशी हो," अण्णा सांगायचे. "आन हितलं? सूर्य उगवायच्या आदीच पळायच्या तयारीत!" दर महिन्याला वर किती उडायचं आणि इथं किती उडतं, हे ते दिसेल त्याला ऐकवत. लोक घाईत असल्याचं दाखवत. मीही दाखवत असे.

ज्वारी पोटरीत आली, म्हणजे पानाआड कणीस धरू लागली, की अण्णांची बडबड शिगेला पोचे. "पोरवयात थोडंच पिती. कणीस धरताना मातर लई पिती. दाणा वाळला की परत कमी." विड्या वळता वळता चाळीतली नरसव्वा मान वर न करता म्हणायची, "म्हंजे आता हिचे डोहाळे पुरवायचे, म्हणा की."

नरसव्वा बसायची ती विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली. तिथंच चाळीतल्या सगळ्या बायका विड्या वळत, दुपारपाळी नसलेले मिलवाले तिथंच लवंडत. आणि अण्णांचा खरा राग याच लिंबावर. "ह्यो लिंब न्हाय, पंप हाय! खालनं विहीर ओढतो, वरनं हवेत सोडतो. बिनलायसनचा पंप!" पाच वर्षं आम्ही हे ऐकत होतो.

मग दुष्काळ आला. नळ कधीतरी यायचा, विहिरीत बादली खडकावर खणकन आपटायची. मिलमधून जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, म्हणून निवृत्त झालेले तात्या माने चाळीचे पुढारी. त्यांनी लिंबाखालीच सगळ्यांना जमवलं आणि जाहीर केलं, "अण्णा बोलले ते खरं हाय. पंप बंद करायचा. लिंब तोडायचा. लाकूड इस्माईलभाई नेतील."

सगळ्यांनी कौतुकानं अण्णांकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी त्यांचं कुणी ऐकलं होतं. अण्णांचा चेहरा मात्र उतरला.

"तसं न्हाय तात्या. हवा लई कोरडी झाली, मुळाला पाणी कमी पडलं, की झाडसुदिक पानांची तोंडं मिटून घेतंय. आता त्ये कमी पितंय."

"परवापतूर तर पंप हुता!"

"परवा पाणी हुतं. आता झाड बी काटकसर करतंय की."

"आमी बी करतोय. तरी पुरंना."

"आन गारवा? पानांतनं पाणी उडतंय म्हनून तर हितं गार लागतंय."

"गारवा घागरीत भरता येतो व्हय?" तात्या म्हणाले आणि सगळी चाळ हसली. अण्णा हसले नाहीत. ते उठून लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून उभे राहिले.

"झाड जेवढं पितंय, तेवढं पाणी मी आणून देतो. फार्मच्या विहिरीवरनं. पाऊस पडंस्तोवर."

 तात्या म्हणाले, "बघू किती दिस जमतंय."

दुसऱ्या दिवसापासून अण्णांच्या सायकलला दोन्ही बाजूंनी डबे लटकले. डब्यांच्या तोंडावर ओलं फडकं, हँडल दोन्ही हातांत, चढावर पायी. येताना निम्मं पाणी त्यांच्या विजारीवर असे; त्यांनी त्याचा हिशेब मात्र कुणाला सांगितला नाही. नरसव्वा डबे उतरवून घ्यायची आणि त्यांच्यासमोर गुळाचा खडा ठेवायची.

एका संध्याकाळी ते धापा टाकत बाजेवर बसले होते. मी विचारलं, "अण्णा, ज्या झाडाला पाच वर्षं शिव्या घातल्या, त्याच्यासाठी एवढं का?"

त्यांनी फडक्यानं मान पुसली. "वर असताना मोजायला सगळं हुतं. बोलायला कुणी न्हवतं. धुक्यात चार-चार दिवस माणूस दिसत न्हवतं. लग्नबिग्न तितंच राहून गेलं." फडकं झटकून म्हणाले, "हितं आलो तर ह्या लिंबाखाली सगळी बसलेली. माजं कुणी ऐकत न्हाय, म्हाईत हाय मला. पर बसत्यात की. लिंब गेला तर जो तो आपापल्या खोलीत जाईल आन दार लावून घेईल."



दुसऱ्या दिवशी कोर्टातली कारकुनी आटोपून मी घरी न येता फार्मच्या रस्त्याला लागलो. चढावर अण्णा वाकून सायकल ढकलत येताना दिसले. मी मागून हात लावला. त्यांनी वळून पाहिलं, फक्त मान हलवली. चाळ येईपर्यंत पाण्याचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. कोर्टात दिवसभर काय काय चालतं, दुपारी जेवायला माझ्याबरोबर कोण बसतं, हेच विचारत राहिले.